‘लवकर पाठवा’ इंग्रजीत कसं सांगायचं: जालन्यातल्या एका बंद मशीनचं प्रकरण

2025 च्या मे महिन्यातला शुक्रवार, तारीख 23. सकाळी अकराच्या सुमारास जालन्याहून भाच्याचा फोन आला. "मावशे, सोमवारपासून चार मेल टाकलेत जर्मनीला. एकाचंबी उत्तर नाही. मालक म्हणायलेत, तुला इंग्रजी येतं म्हणून तुझ्यावर सोपवलं. आता काय करू?"

भाचा जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मेंटेनन्स आणि स्टोअर सांभाळतो. जालना म्हणजे स्टील आणि बियाणं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. बियाण्याच्या प्लांटवर मे महिन्यात कुणाला जेवायची फुरसत नसते. नेमक्या त्या दिवसांत कपाशीची पाकिटं भरणाऱ्या मशीनचा लोड सेल गेला. लोड सेल म्हणजे वजन मोजणारा भाग. तो चुकला की पाकिटात बी कमी-जास्त पडतं, आणि छापलेल्या वजनापेक्षा कमी भरलेलं पाकीट बाजारात नेता येत नाही. जुळणारा भाग इकडे मिळाला नाही, म्हणून ते जर्मनीला मेल. दोन लाइनपैकी एक बंद पडून होती.

त्यात पाऊस आधीच निघाला होता. एरवी 1 जूनच्या आसपास केरळात येणारा मान्सून त्या वर्षी 24 मेला दाखल झाला आणि 26 ला मुंबईत पोचलासुद्धा. आम्ही बोलत होतो तेव्हा तो दाराशी आल्याच्या बातम्या सुरू होत्या. मृगाची वाट न बघता लोक बियाण्याच्या दुकानात चौकशीला यायला लागले होते. पेरणीची घाई काय असते हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला कळतं. एकदा वाफसा आला की तो कुणासाठी थांबत नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात परचेसमध्ये बावीस वर्षं काढली. परदेशी सप्लायरला लिहिणं आणि पाठपुरावा करणं हेच रोजचं काम. त्यामुळे भाच्याला म्हटलं, आधी चारही मेल मला पाठव, मग बोलू.

पहिला मेल जसाच्या तसा असा होता: "रिस्पेक्टेड सर, आवर मशीन इज स्टॉप. इट इज व्हेरी व्हेरी अर्जंट. वी वॉन्ट लोड सेल टिल फ्रायडे. प्लीज सेंड इन टू डेज अँड डू द नीडफुल. रिप्लाय फास्ट." मंगळवारचा दुसरा मेल म्हणजे हाच मजकूर आणि वर ‘रिमाइंडर वन’. बुधवारी विषयाच्या जागी मोठ्या अक्षरांत तीनदा ‘अर्जंट’. गुरुवारी एकच ओळ: "व्हाय यू आर नॉट रिप्लाइंग?"

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते या पहिल्या मेलमुळे. व्याकरणाच्या चुका त्यात आहेत, पण त्यांनी फारसं बिघडत नाही. जर्मन माणसाचं इंग्रजीही शिकलेलंच असतं. मेल बिघडला तो वेगळ्याच ठिकाणी. भाच्याचं मराठी पक्कं आहे आणि त्या मराठीतली घाई त्याने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत ओतली. आपल्याकडची बहुतेक मुलं हेच करतात, म्हणून एकेक शब्द बघण्यासारखा आहे.

‘टिल फ्रायडे’ घ्या. आपण म्हणतो, "शुक्रवारपर्यंत थांब" आणि "शुक्रवारपर्यंत पाठव". दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत मात्र वाटा वेगळ्या. जे चालू राहणार आहे त्याला ‘टिल’: दुकान शुक्रवारपर्यंत बंद राहील, मी शुक्रवारपर्यंत थांबेन. जे त्या दिवसाच्या आत एकदा व्हायचं आहे त्याला ‘बाय’. म्हणजे भाच्याच्या वाक्याचा शब्दशः अर्थ निघाला, आम्हाला लोड सेल शुक्रवारपर्यंतच हवाय, नंतर नको, जणू दोन दिवस उसना मागितलाय. वाचणारा अंदाजाने समजून घेईल हे खरं. पण ज्याच्यासमोर तसले पन्नास मेल आहेत तो अंदाज करत बसत नाही, सरळ कळणारा मेल आधी उघडतो.

‘इन टू डेज’चंही तसंच. आपल्या मनात असतं ‘दोन दिवसांत’, म्हणजे दोन दिवसांच्या आत. इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ ‘दोन दिवसांनी’ असाही घेऊ शकतो. आत म्हणायचं असेल तर ‘विदिन’. आणि ‘विदिन’पेक्षाही बरी ती तारीख, कारण दोन दिवस कधीपासून मोजायचे हा प्रश्नच उरत नाही.

मग आला ‘फास्ट’. हा शब्द आला ‘लवकर’मधून, आणि ‘लवकर’ हा आपला फार राबणारा शब्द आहे. "लवकर उठ" म्हणतो तेव्हा इंग्रजीत ते ‘अर्ली’ असतं, म्हणजे नेहमीच्या वेळेआधी. "लवकर लवकर आवर" म्हणतो तेव्हा ‘क्विकली’, हातांचा वेग. "लवकरच भेटू" मधलं ‘लवकर’ म्हणजे ‘सून’, आतापासून फार लांब नाही एवढंच. मराठवाड्यात जोडीला ‘जल्दी’ आहे. निजामाच्या राज्यात, म्हणजे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, इथल्या मराठीचा दख्खनीशी रोजचा शेजार होता, त्यातून हे शब्द घरात आले. पण "जल्दी ये" म्हटलं तरी आधी ये, पळत ये की थोड्या वेळात ये, हे ऐकणाऱ्याने प्रसंगावरूनच ओळखायचं. आपण ओळखतोही. जर्मनीतल्या माणसासमोर तो प्रसंग नसतो. "रिप्लाय फास्ट" वाचून त्याला हुकूम तेवढा ऐकू येतो. त्याला सांगायचं असतं ते ‘आज उत्तर द्या’, आणि त्यासाठी ‘टुडे’ हा साधा शब्द आहे.

‘डू द नीडफुल’वर मला जरा थांबू द्या, कारण हा शब्दप्रयोग आपल्या हाडीमाशी खिळलाय. "तरी साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती." तहसीलला अर्ज लिहिताना हे वाक्य सहज येतं, आणि त्याचा हुबेहूब जोडीदार म्हणून ‘डू द नीडफुल’ बसतो. हे खरं तर जुनं विलायती इंग्रजीच. तिकडे ते मागे पडलं, आपल्या ऑफिसांत टिकलं. आपसात ते चालतंही, सगळ्यांना कळतं. अडचण अशी की योग्य ती कार्यवाही म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवायचं काम त्यात आपण समोरच्यावर टाकतो. भाव कळवू? स्टॉक बघू? बिल पाठवू? माल पाठवू? भाच्याच्या चारही मेलमध्ये मशीनचा सीरियल नंबर कुठेच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "ते विचारतील की मग." त्यांनी विचारलंच नाही.

राहता राहिला ‘अर्जंट’. लॅटिनमध्ये याचं मूळ दाबणं, रेटणं अशा अर्थाचं आहे, आणि तो दाब शब्दात अजून जाणवतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये पत्राच्या बाहेर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असं लिहीत. तो इशारा पत्र घेऊन घोडा दौडवणाऱ्या डाकस्वारासाठी असे. त्यातूनच इंग्रजीत ‘पोस्टहेस्ट’ म्हणजे ‘तातडीने’ हा शब्द रुजला. आपल्याकडे तारेचंही असंच होतं. एक्स्प्रेस तारेला जादा पैसे पडत, म्हणून ती आधी पोचे, आणि तार आली म्हटलं की घर हबकून जाई. 15 जुलै 2013 पासून तार बंद झाली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बाहेरचा ‘तातडीचे’ शिक्का नेणाऱ्यासाठी होता, आणि ती तातडी पैशाने किंवा घोड्याच्या दमाने मोजली जात होती. मेलला नेणारा माणूस नाही. तिथे ‘अर्जंट’ लिहायला काहीच खर्च येत नाही, म्हणून वाचणाऱ्यावर त्याचं वजनही पडत नाही. सरकारी कागदावर ‘तातडीचे’चं ‘अति तातडीचे’ झालं आणि त्यापुढे ‘कालमर्यादित’ आलं ते याच कारणाने. लांडगा आला रे आला, म्हणून रोज ओरडल्यावर गाव धावत नाही.

दुपारी बाराला आम्ही नवा मेल लिहायला बसलो, तो तिकडे आणि मी इकडे फोनवर.

"मग ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ टाकू का?" त्याचा पहिला प्रश्न. हा शब्दप्रयोग चुकीचा नाही. त्याचं ‘एएसएपी’ हे आखूड रूप गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकी लष्करी बोलीतून बाहेर आलं, म्हणून वरच्याने खालच्याला सांगताना ते शोभतं. पण त्याचा अर्थच ‘शक्य तितक्या लवकर’. शक्य कधी, हे ठरवणार घेणारा. त्याला पुढच्या महिन्यात शक्य झालं तर त्याने तुमचं ऐकलंच की!

त्याच्या दुप्पट फसवा आहे ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’. ऐकायला किती शालीन! नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो एका अडलेल्या कागदासाठी वापरला होता. मुंबईला बंदरात कंटेनर उभा, रोजचं भाडं चढतंय, आणि मी तिकडच्या बाईंना लिहिलं, आपल्या सोयीने पाठवा. त्यांनी आठवड्याने, त्यांच्या सोयीने पाठवला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. भाड्याचा आकडा बघून मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्यानंतर घाईच्या कामात मी हा शब्दप्रयोग पुन्हा लिहिला नाही. निवांत असाल तेव्हा मात्र जरूर लिहा, तेव्हा तो फार छान आहे.

भाच्याने तेवढ्यात मोबाइलवर शोधून आणलं, "टाइम इज ऑफ द एसेन्स." मी म्हटलं, बाबा, हे वकिलाचं वाक्य आहे. आपल्या 1872 च्या करार कायद्यात कलम 55 याच मुद्द्याचं: वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि वेळ चुकली, तर समोरच्याला करार मोडायची मुभा मिळते. खरेदीच्या ऑर्डरमध्ये ते लिहायला जागा आहे. ज्याच्याकडे आज मदत मागतोय त्याला ते लिहिलं की तो आधी त्याच्या वकिलाला विचारेल. ‘डेडलाइन’ही मी काढायला लावला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत एक रेघ असायची, ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. ती ‘डेडलाइन’. वर्तमानपत्रांच्या धंद्यातून आज तो शब्द मवाळ झालाय आणि कुणाला राग येत नाही, पण आपण मागणारे असताना मुदत घालणारा शब्द कशाला? तारीख ‘बाय’ने सांगितली की पुरे.

‘हरी अप’ आणि ‘चॉप-चॉप’ यांचा विचारही नको. ‘चॉप-चॉप’ दक्षिण चीनच्या बंदरांत व्यापाऱ्यांच्या मोडक्या इंग्रजीत जन्मलं आणि गोऱ्या साहेबाने नोकराला हाकलावं तसं आजही कानाला लागतं. घरात पोरांना "चला, चला" म्हणायला ‘कम ऑन’ किंवा ‘गेट अ मूव्ह ऑन’ चालतं. अनोळखी माणसाला यातलं काहीच नको.

शेवटी मेल असा झाला. विषय: "पॅकिंग लाइन डाउन: कुड यू शिप अ लोड सेल बाय ट्यूजडे, 27 मे?" आणि खाली: "डिअर सर्व्हिस टीम, वन ऑफ आवर टू पॅकिंग लाइन्स हॅज बीन डाउन सिन्स मंडे बिकॉज द लोड सेल हॅज फेल्ड. द सीरियल नंबर अँड अ फोटो ऑफ द नेमप्लेट आर अटॅच्ड. वी पॅक कॉटन सीड, अँड सोइंग हिअर बिगिन्स इन अबाउट टू वीक्स. कुड यू टेल अस बाय फोर ओक्लॉक टुडे, युअर टाइम, व्हेदर यू हॅव वन इन स्टॉक? इफ यू डू, वुड यू बी एबल टु शिप इट बाय ट्यूजडे, बिफोर युअर हॉलिडे? वी विल पे फॉर एक्स्प्रेस कुरिअर." मग नाव आणि फोन नंबर.

यात एकदाही ‘अर्जंट’ नाही. तरी घाई प्रत्येक ओळीत आहे: काय बंद पडलंय, का थांबता येत नाही, नेमकं काय हवंय, कधी हवंय, आणि त्यासाठी आम्ही काय सोसायला तयार आहोत.

मंगळवार का, तर त्या वर्षी 29 मेच्या गुरुवारी जर्मनीत येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती. असा सण गुरुवारी आला की तिकडे पुष्कळ लोक शुक्रवारही जोडून घेतात. मंगळवारी, फार तर बुधवारी माल निघाला नाही, तर गेलाच तो पुढच्या आठवड्यात. भाच्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण दोन मिनिटांत कॅलेंडर बघता येतं. आपली घाई मृगाची, त्यांची घाई सुट्टीची. दोन्ही एका वाक्यात आल्या तर त्यांनाही ती आपली वाटते.

‘युअर टाइम’ हे दोन शब्द तर माझ्या नोकरीने मला शिकवले. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. नुसतं ‘टुडे’ किंवा ‘ईओडी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’, लिहिलं की दिवस कुणाचा संपायचा हे कळत नाही. आपले सहा वाजतात तेव्हा ते जेवून नुकतेच टेबलाशी आलेले असतात.

एका गोष्टीवर आमचं वाजलं. भाच्याला लिहायचं होतं की कंपनीचं कोटींचं नुकसान होईल. तसं होणार नव्हतं, दुसरी लाइन चालू होती. मी त्याला ते लिहू दिलं नाही. पुढच्या वर्षी खरंच दोन्ही लाइन बंद पडल्या तर काय लिहिणार?

पाऊण वाजता मेल गेला, म्हणजे तिकडे सव्वानऊ, ऑफिस नुकतं उघडलेलं. तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. लोड सेल शिल्लक होता. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या, केबलची लांबी आणि बिलावरचा पत्ता. आधीच्या चार मेलबद्दल एवढंच लिहिलं होतं की सीरियल नंबर नसल्यामुळे ते रांगेत मागे पडले.

मग हे काम शब्दांनी झालं की सीरियल नंबरने? भाच्याने मला हे विचारलं आणि प्रश्न रास्त होता. नंबर नसता तर उत्तम इंग्रजीनेही लोड सेल आला नसता. पण नंबर मेलमध्ये आला कसा, ते बघा. ‘योग्य ती कार्यवाही’ काढून टाकल्यावर त्या जागी काय लिहायचं हा प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर शोधायला तो मशीनपाशी जाऊन पाटीचा फोटो काढून आला.

सोमवारी तो फोन करणार होता. "निघाला का नाही, ते कसं विचारू? हरी अप तर नको म्हणालीस." आम्ही दोन वाक्यं घोकली. "आय ॲम कॉलिंग टु चेक व्हेदर इट हॅज लेफ्ट." आणि निघाला नसेल तर, "इज देअर एनीथिंग होल्डिंग इट अप?" दुसरं वाक्य त्याला फार आवडलं. "म्हणजे घोडं कुठं पेंड खायलंय तेच ना?" अगदी तेच. इंग्रजीत ‘एक्सपेडाइट’ हा भारदस्त शब्द ‘लवकर करा’साठी वापरतात, त्याच्याही पोटात लॅटिनमधला पाय दडलेला आहे: अडकलेला पाय मोकळा करणं. काय अडलंय असं विचारलं की समोरचा माणूस अडलेलं सांगतो. लवकर करा म्हटलं की तो "हो, सून" म्हणतो. त्या दिवशी अडलं होतं ते कुरिअरच्या फॉर्मवरच्या एका खात्याच्या नंबरावर. भाच्याने तो फोनवरच दिला, आणि संध्याकाळी माल निघाला.

मुंबईच्या कस्टममध्ये एक दिवस गेला. शनिवारी, 31 मेला, लोड सेल जालन्यात आला आणि रात्रीच बसवून लाइन चालू केली. भाच्याने पहिल्या पाकिटाचा काट्यावर ठेवलेला फोटो पाठवला, आकड्यासकट.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन. या वेळी जर्मनीहून मेल आला होता. जुना, बिघडलेला लोड सेल तपासणीसाठी परत हवा होता. त्याने वाचून दाखवलं: "कुड यू लेट अस नो बाय नून ऑन फ्रायडे, युअर टाइम, व्हेन द कुरिअर कॅन कलेक्ट इट?"

"मावशे, युअर टाइम लिहिलंय. म्हणजे आपलेच बारा ना?"

"आपलेच."

"मग आत्ताच कळवतो," म्हणाला. तेव्हा गुरुवार होता.